धाकटीला लस नको

मावशी,

स्फाक्सच्या इस्पितळातून फोन आला. आपला आनिस गेला. तू धाकटीला कुशीत घेऊन झोपली होतीस, उठवायचा धीर झाला नाही.

आज नर्स मब्रूका तिला क्षयाची लस टोचायला येईल. टोचू देऊ नकोस. "विज्ञान शिकवते तुझी सून, आणि लशीला घाबरते होय?" असं ती म्हणेल. म्हणू दे. लस चांगलीच आहे, पण तिच्यातले जिवंत जंतू आवरायची ताकद आनिसमध्ये जन्मापासून नव्हती. धाकटीतही तोच दोष आहे का, त्या रक्ततपासणीचा निकाल यायचाय.

हा दोष माझ्याकडून आला तसाच तुझ्या हेदीकडूनही. मावसभावाशी लग्न करताना कुणाला ठाऊक होतं? आनिसच्या काखेतल्या गाठीला तू ऑलिव्हचं तेल चोळलंस, त्यानं काही बिघडलं नाही. लस टोचताना त्याचा दंड मी घट्ट धरला होता.

दुपारी त्याला घरी आणतो. पाणी कोमट करून ठेव. आंघोळ मीच घालीन.

जलीला