उतरवलेली माळ

प्रकाशे,
भाद्रपद, १९६४

प्रिय गिरधर,

तुझा खोकला थांबला का? इथे सगळे ठीक आहेत. कापूस बरा आहे, केळी वाऱ्याने थोड्या आडव्या झाल्या. तापीचं पाणी अजून गढूळ आहे, काठाला उतरता येत नाही. यंदा ते लवकर उतरू नये असं मला वाटतं. का, ते सांगते.

आईला जाऊन वर्ष होत आलं. तू अजूनही लिहितोस की आई डॉक्टरांच्या चाकूला घाबरली. ती घाबरली नव्हती रे.

तुझं प्रयोगशाळेतून आलेलं ते पत्र आठवतं? गोगलगायींच्या अंगातून काढलेल्या रसाने उंदरांच्या गाठी आकसल्या, असं तू किती आनंदाने लिहिलं होतंस! खाली हेही होतं, की सगळ्याच उंदरांच्या नाही, आणि माणसांचं तर काहीच सांगता येत नाही. शाळेतून आल्यावर मी ते नेहमीसारखं ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. गल्लीतल्या बाया होत्याच. पहिलं वाक्य ऐकून आईने पदर डोळ्यांना लावला आणि ती गूळ वाटायला उठली. खालचं वाक्य मी पुन्हा वाचलं, पण तोवर सगळ्यांच्या तोंडात गूळ होता.

मग तिच्याच छातीत गाठ निघाली. सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता कापली तर आशा आहे. ती गाडीत बसून घरी आली. म्हणाली, "मन्हा पोऱ्यानं औषध शे, मी नही लिसु ते कोन लेई?" ऑपरेशन करा, अशी तू तार केलीस, तीही मी वाचून दाखवली. त्यावर हसली. "तो पहिलेपासून लाजरा शे, सोतानं कौतुक करत नही."

तुला माहीत आहे, आपल्या घरात अंड्याचं टरफलही कधी आलं नाही. मासे धरणाऱ्या मोतीबाईने नदीतल्या गोगलगायी आणल्या, तेव्हा आईने गोठ्यामागे वेगळी चूल मांडली, त्या उकळून रस काढायला वेगळं मडकं ठेवलं. आणि पहिला घोट घेण्याआधी गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. लग्नाआधीपासूनची माळ. असलं काही पोटात जाणार, तर ती गळ्यात ठेवायची नाही, एवढंच म्हणाली. नाक दाबून प्यायची, बाहेर जाऊन ओकायची, परत येऊन प्यायची. मोतीबाई तिला चिडवायची, "आम्हीन ते भाकरसंगे खातस माय, तुम्हले का कडू लागस?" दोघी हसायच्या. मी खूप भांडले, रडले, जेवण सोडलं. गाठ फुटली, वास घरभर पसरला, तरी ती मडकं मागतच होती. शेवटी मी माळ तिच्या गळ्यात घालायला गेले, तर तिने माझा हात धरला. "आते नको. मी बाटनू." आणि शपथ घातली, गिरधरला सांगू नको, त्याला वाटेल त्याच्यामुळे मायचा धर्म गेला.

मी सांगितलं नसतं. तू तुझं काम करत राहावंस असं मला मनापासून वाटतं. उद्या कदाचित त्या रसातून खरंच काही निघेल. पण परवा शेजारची फुलवंताबाई आली. तिचा धाकटा अजून अंगावर पितो. तिने पदर घट्ट ओढला होता. तो बाजूला करून तिने मला गाठ दाखवली. सुरतेला चल म्हटलं, तर म्हणते, गिरधरभाऊनं औषध घरना घरमा असताना का कापी लेऊ? आई गेली ती औषध उशिरा सुरू केलं म्हणून, असं आता सगळी गल्ली म्हणते. मी मास्तरीण, माझं कोण ऐकतं! जाताना तिने गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली. "तुन्ही मायनी माळजोडे ठेव."

तापीचं पाणी उतरलं की मोतीबाई तिच्यासाठी गोगलगायी वेचायला जाणार आहे. त्याआधी तू ये, गिरधर. आईच्या श्राद्धासाठी नको येऊस, फुलवंताबाईसाठी ये. ओट्यावर उभा राहा आणि सगळ्यांसमोर तुझ्या तोंडाने सांग, की औषध अजून नाही. माझ्याकडून त्यांनी फक्त पहिलं वाक्य घेतलं; दुसरं तुझ्याकडूनच घेतील. मग आपण दोघं तिला सुरतेच्या गाडीत बसवू. देव्हाऱ्यात आता दोन माळा आहेत. एक तरी गळ्यात परत जाऊ दे.

वाट पाहणारी, तुझीच
सरलाताई