पहिलं बाळंतपण माहेरी

शेंदूरजनाघाट,
९ सप्टेंबर २०१९

सौ. आशाबाई विहीणबाई यांना
माणिकबाईचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. संत्र्याची गळ सुरू आहे, त्यामुळे आमच्या ह्यांचं तोंड उतरलेलं आणि आवाज चढलेला आहे. तुमच्या अकोल्यात उकाडा कमी झाला का? पत्र बघून हसाल. पण फोनवर तुम्ही आधी रडता आणि मग फोन ठेवून देता, मला बोलायची पाळीच येत नाही. पत्र मध्येच कापता येत नाही. शेखरला सांगितलं आहे, सासूबाईंच्या हातातच देऊन ये.

महालक्ष्म्या छान पार पडल्या. रागिणीची तब्येत चांगली आहे, सातवा लागला. आंबील मागून मागून प्यायली. पितृपक्ष संपला की डोहाळजेवण करायचं ठरवलं आहे. तुम्ही यायचं, जेवायचं, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि लेकीला घेऊन जायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत लग्नातच तुम्ही मला ठणकावून सांगितली होती.

आता मुद्द्याचं लिहिते. परवा तुम्ही फोनवर तिला म्हणालात, "ना तुह्या रक्ताचं, ना जवायाच्या. परक्याच्या लेकराले मी कावून न्हाऊ घालू?" मी मागेच उभी होते, तुमचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. नंतर तिने माहेरी न्यायची बॅग उघडली आणि सगळे कपडे परत कपाटात लावून ठेवले.

रक्ताचं नाही, हे खरंच आहे. अमरावतीच्या दवाखान्यात कोणा एका जोडप्याचे उपचार झाले, त्यांना मुलं झाली, आणि उरलेले गर्भ तिथे गोठवून ठेवले होते. ते त्यांनी राजीखुशीने दिले, त्यातलाच एक रागिणीच्या पोटात रुजला. ना त्यांना आपलं नाव माहीत, ना आपल्याला त्यांचं. शेखरने सांगितलं तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "त्या माउलीले देववलं कसं रे?" परवाच्या हळदीकुंकवाला मी तिच्यासाठी एक ओटी काढून ठेवली. द्यायची कोणाला ते कळेना, म्हणून महालक्ष्मीलाच दिली.

आमचे हे तुम्हाला समजावायला निघाले होते. म्हणे, "जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतो ना आपण? तसंच हाये हे." मी म्हटलं, "सुनेले खुंट म्हनता? तुमी बोलूच नका." म्हणून मीच लिहिते आहे.

महालक्ष्म्यांपुढे आपण पिलवंडं मांडतो, एक मुलगा, एक मुलगी. त्यातलं ज्येष्ठेचं लेकरू कोणतं आणि कनिष्ठेचं कोणतं, हे तुम्ही कधी विचारलंत? मीही नाही. दोघांना नवे कपडे शिवतो आणि पोटभर वाढतो.

तुम्हाला वाटतं, हे आम्ही तुमच्या लेकीवर लादलं. म्हणून जे लिहायचं नव्हतं तेही लिहिते. दोष दोघांतही होता. रागिणीची औषधं, इंजेक्शनं सगळ्या गावाने पाहिली. शेखरचे रिपोर्ट मात्र तिने कोणाला कळू दिले नाहीत, तुम्हालाही नाही. मला शेखरने आत्ता आत्ता सांगितलं. माझ्या पोराला कोणी बोलू नये म्हणून ही पोरगी इतकी वर्षं 'वांझ' हा शब्द एकटीने ऐकून घेत होती. अशी लेक तुम्ही मला दिलीत, आणि आज तिच्यासाठी मला तुमच्यापुढे पदर पसरावा लागतो आहे. मला तुमचा राग येतो, विहीणबाई. तुम्ही लोकांना घाबरून गेला आहात, हेही कळतं.

तुम्ही आला नाहीत तर बाळंतपण मी करीन. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, मालिश, कशालाच कमी पडू देणार नाही. पण मला ती आत्याबाई म्हणते. कळा सुरू झाल्या की ती "आई वं, आई वं" करणार. मी उशाशी बसलेली असेन, पण ती हाक माझ्यासाठी नसेल. तेव्हा मी तिला काय सांगू, तेवढं शेखरजवळ लिहून पाठवा.

तुमच्या रागिणीची नुसती सासू,
माणिकबाई