पेपर होईपर्यंत सांगू नका

माय, तुला अक्षरं जुळवत वाचावं लागायचं आणि माझं अक्षर तर तुला कधीच लागलं नाही, म्हणूनच कदाचित हे लिहायचा धीर होतोय. लातुरात आता माझी एक खोली आहे. दोन खुर्च्या, एक पंखा, दारावर समुपदेशनाची पाटी. तू असतीस तर विचारलं असतंस, हितं नेमकं काय करत्यात? लोक येऊन बोलतात आणि मी ऐकते, एवढंच. क्लासची लेकरं येतात, त्यांचे आईबाप येतात, कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणाचं लग्न मोडलेलं असतं. टेबलावर मी एका ताटलीत सोलायला लसूण ठेवते आणि समोरच्याला बोलवेना की ती त्याच्यापुढे सरकवते. ही काय पद्धत म्हणून कुणी विचारलं, तर शिकताना शिकले म्हणते. खरं तर ती तुझ्या मेसच्या स्वयंपाकघरातली. घरच्या आठवणीनं जेवण न जाणाऱ्या पोरी तुझ्याजवळ येऊन बसायच्या, तू काही न विचारता सुपातला लसूण पुढे करायचीस. ‘हात गुतले की तोंड सुटतंय’, म्हणायचीस. मी तेव्हा नांदेडला मानसशास्त्राचं एम.ए. करत होते आणि मला ते ऐकून हसू यायचं.

नायगावची ती पोर तुला आठवत असेल. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी, आजीनं वाढवलेली, लसूण सोलता सोलता आजीचंच बोलणारी. मी सुट्टीत घरी होते, त्या सकाळी मेसचा फोन मीच उचलला. पलीकडून तिचा काका. ‘ताई, म्हातारी गेली. पण पोरीला पेपर होईपर्यंत सांगू नका, बाराच दिवस राहिलेत, वरीस वाया जाईल तिचं.’ मी म्हणाले, काळजी करू नका. मला आत कुठेतरी बरंही वाटलं, की एवढी मोठी गोष्ट माझ्यावर सोपवली.

तू भाकरी थापत होतीस. मी सांगितल्यावर तुझा हात थांबला.

‘सांग तिला,’ तू म्हणालीस. ‘गाडीत बशीव. म्हातारीचं तोंड तरी बघू दे.’

‘माय, यातलं मला कळतं. हेच शिकतेय मी.’

‘मला बी थोडं कळतंय.’ मग तू तव्यावरची भाकरी उलटवलीस आणि तिच्याकडेच बघत म्हणालीस, ‘अकरा दिस म्या त्याच्यासाठी बिस्किटं ठिवली व्हती उशाखाली. तू बी म्हणलीस, पलीकडच्या वॉर्डात हाय म्हणून.’

भूकंपात आपलं घर बसलं आणि धाकटा भाऊ त्याखाली गेला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील आधीच गेलेले, तुझा पाय मोडलेला, तू दवाखान्यात. मामानं मला पढवलं होतं, आणि मी रोज तुझ्या खाटेजवळ येऊन तेच म्हणायचे. तू मला एक पुडा द्यायचीस, ‘त्याला नेऊन दे’ म्हणून. तो मी जिन्यात बसून खायचे. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. तू त्या दिवशी तो विषय पहिल्यांदा काढलास. रागानंही नाही, नुसता सांगितलास, आणि तोच मला झोंबला. मी म्हणाले, ‘तू अडाणी आहेस. पोरींच्या डोक्यात काहीबाही भरवणं आता बंद कर.’ चार पोरी ताटावर बसलेल्या होत्या. त्यांनी ऐकलं.

तू ऐकलंस माझं. बारा दिवस ती पोर आली की तू भांडी घ्यायला मागच्या दारी जायचीस. तिच्याशी खोटं मीच बोलत होते, ‘आजी तुझ्या आत्याकडे गेलीय, तिथे फोन नाही.’ मला ते चांगलं जमत होतं, लहानपणापासूनची सवय होती.

पेपर झाल्यावर ती गावी गेली, तेव्हा तिला कळलं. मेसवर ठेवलेली ट्रंक न्यायला ती परत आली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं तुला विचारलं, ‘मावशी, तुम्हाला माहीत होतं?’

‘हाव,’ तू म्हणालीस. ‘म्याच सांगू नका म्हणले सगळ्यांला.’

मी दारात उभी होते. एक पाऊल पुढे टाकायचं होतं फक्त. ती गेली, आणि तू मला जेवायला वाढलंस. त्यानंतर तू तीन वर्षं जगलीस, त्यात मी हा विषय एकदाही काढला नाही. आज पालकांना मी ठणकावून सांगते, लेकरापासून मरण लपवू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

माय, ती आलीय. आता चाळिशीला टेकलीय, इथल्याच एका शाळेत शिकवते. घरून फोन आला की तिची छाती धडधडते, सगळं ठीक आहे असं कुणी म्हटलं की तिला ते खरंच वाटत नाही. तिनं मला ओळखलं नाही. माझे केस पिकलेत, आडनाव बदललंय, आणि मेसमध्ये मी तिला किती दिवस दिसले असेन. लसूण सोलता सोलता ती थांबली आणि म्हणाली, ‘एक मावशी होती मेसवाली. तिच्यावर लई जीव होता माझा. तिला मी अजून माफ केलं नाही.’ मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

दर गुरुवारी ती येते. पुढच्या वेळी सांगायचं बळ यावं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, पण ते तीन गुरुवारांपूर्वी. काल उठता उठता तिनं सहज विचारलं, ‘मॅडम, तुमची आई आहे ना?’ नाही म्हटलं असतं तर तिनं पुढे विचारलं असतं, कधी गेली, कशी होती, काय करायची.

मी म्हणाले, आहे. गावाकडे असते.