परत न आलेल्यांचा आलेख

४ फेब्रुवारी
आजपासून मी समन्वयक. वैद्यकीय महाविद्यालय आणि डेटा सायन्स विभाग मिळून संशोधन करणार आणि त्याची सूत्रं माझ्या हाती. डीनसाहेब म्हणाले, दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवा, चहा सांगा, बाकी ते बघतील. याचा अर्थ संपूर्ण अधिकार.

विषय साधा आहे. हृदयाचे पेशंट बरे होऊन घरी जातात आणि त्यातले काही महिन्याभरात पुन्हा दाखल होतात. कोण परत येईल हे कॉम्प्युटरने आधीच सांगायचं, मग सिस्टरने त्या माणसाला फोन करून चौकशी करायची.

खोली दोन इमारतींना जोडणाऱ्या काचेच्या पुलावर मिळाली. बायको म्हणाली, म्हणजे पॅसेजमध्येच ना. तिला माझा उत्कर्ष कधी बघवलाच नाही.

संकल्प: कोणावर चिडायचं नाही. चहात साखर बंद. रोज संध्याकाळी बाबांजवळ बसायचं. हृदयाच्या दुखण्यानंतर त्यांना आमच्याच हॉस्पिटलमधून घरी आणल्यापासून नीट बोलणं झालेलं नाही.

६ फेब्रुवारी
पहिली मीटिंग. एका बाजूला हृदयरोगतज्ज्ञ (यापुढे 'हृदयवाले', हुद्द्यावरून, स्वभावावरून नव्हे). दुसऱ्या बाजूला डेटा विभागाच्या प्राध्यापिका (यापुढे 'आकडेबाई').

वाद निघाला की 'परत आला' कोणाला म्हणायचं. टाके काढायला आलेलाही कॉम्प्युटरच्या लेखी परत आलेलाच असतो, असं आकडेबाईंचं म्हणणं. हृदयवाले म्हणाले, पलंगावर झोपला तरच धरा. मग दोघं एकाच कागदावर चौकोन काढत बसले आणि चहा येईपर्यंत त्यांचं जमलंसुद्धा. हसतही होते.

मला धोका दिसला. असं परस्पर ठरायला लागलं तर समन्वय कशाचा करायचा? निघताना जाहीर केलं: यापुढे एकमेकांना ईमेल नाही, फोन नाही. सगळं माझ्यामार्फत. दोघं माझ्याकडे बघत राहिले. दरारा.

चहात साखर घेतली. दिवसच तसा होता.

१३ फेब्रुवारी
पत्रव्यवहार जोरात. हृदयवाल्यांनी विचारलं, ज्यांच्या वजनाची नोंद नाही त्यांचं काय करायचं, जरा बाईंना विचाराल का. फारच मिळमिळीत भाषा. मी सुधारून पुढे पाठवलं: 'वजनाच्या नोंदी आपल्या विभागाने कुठे हरवल्या, याचा खुलासा करावा.'

आकडेबाईंचं उत्तर तापट आलं. तेही थोडं सुधारून पाठवलं.

१५ फेब्रुवारी
दोघं एकमेकांशी बोलेनासे झालेत. किती हट्टी माणसं असतात. मी मध्ये नसतो तर काय झालं असतं कोण जाणे.

बाबांजवळ बसायचं राहिलं. ते टीव्ही बघत होते.

२१ फेब्रुवारी, संध्या. ६
घरी आलो तर बाबा फोनवर. पलीकडे आमचीच सिस्टर. चाचणी म्हणून काही जुन्या पेशंटना फोन करतात, त्यात बाबांचं नाव. पायाला सूज आहे का, झोपताना किती उशा घेता, जिन्यात दम लागतो का. बाबा तिला उशांबद्दल सांगता सांगता थेट आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत पोचले. हसत होते. माझ्याशी 'जेवलास का' याच्या पुढे कधी जात नाहीत.

समन्वयकाच्या घरचा माणूस अभ्यासात असणं नैतिकदृष्ट्या बरं नव्हे. उद्या नाव काढायला लावतो.

२५ फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, त्या मुलीचा फोन आला नाही. म्हटलं, अभ्यास संपला. कधीतरी संपणारच आहे. ते 'बरं' म्हणाले आणि पेपर उघडला. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या माहेरचं काही विकलंय.

३ मार्च
हृदयवाल्यांकडून एक मोठी फाईल आली. डिस्चार्जनंतर घरी वारलेल्या पेशंटची नोंद, आकडेबाईंना तातडीने द्या म्हणून. सोबतचं पत्र इतकं रुक्ष की वाचवेना. भाषा सुधारून पाठवीन. सध्या वेळ नाही. कुलगुरूंपुढे प्रेझेंटेशन आहे.

१० मार्च
आकडेबाईंकडून आलेख आलेला नाही. त्यांनी कळवलं की अपुऱ्या माहितीवर आलेख काढणार नाही. असहकार. मी स्वतः काढतो. कॉम्प्युटर सगळ्यांकडे असतो.

बाबा म्हणाले, चपला घट्ट होतात, नव्या हव्यात. या वयात हौस. पण वजन चांगलं वाढलंय. म्हणजे तब्येत सुधारतेय. घरात जाणकार माणूस असला की असा फरक पडतो.

१८ मार्च
आजचा दिवस मी विसरणार नाही. त्या बाईलाही विसरू देणार नाही.

सभागृह भरलेलं. कुलगुरू पहिल्या रांगेत. माझा आलेख पडद्यावर: लाल खांब परत आलेल्यांचा, हिरवा न आलेल्यांचा. हिरवा जवळजवळ छताला टेकलेला. मी म्हटलं, आपल्या उपचारांचा दर्जा पहा, बहुतेक पेशंट पुन्हा इकडे फिरकतच नाहीत. टाळ्याही सुरू झाल्या होत्या.

तेव्हा मागून आकडेबाई उभ्या राहिल्या. आवाज अगदी साधा. म्हणाल्या, या हिरव्यातले आज हयात किती आहेत?

मी म्हटलं, तो रकाना माझ्याकडे नाही.

हृदयवाल्यांनी चष्मा काढला. म्हणाले, ती फाईल मी समन्वयकांकडे केव्हाच दिली आहे. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुलगुरूंनी पाणी मागितलं.

उघड उघड कट. दोघं बोलत नाहीत म्हणतात आणि ऐनवेळी सूर जुळतो कसा? शिवाय मेलेला माणूस परत आलेला नाही, हे विधान चूक आहे का? कोणी सिद्ध करून दाखवावं.

२० मार्च
डीनसाहेब म्हणाले, तुम्ही फार दमला आहात, थोडे दिवस घरी थांबा. शेवटी कोणाला तरी माझे कष्ट दिसले.

घरी बसून दोघांविरुद्ध सविस्तर तक्रार लिहायची. आणि बाबांजवळ बसायचं. आता वेळच वेळ आहे.

२४ मार्च
तक्रारीचा पहिला मसुदा झाला. धार कमी वाटते.

बाबा हल्ली पलंगावर झोपत नाहीत, खुर्चीत बसूनच डोळा लागतो. बायको म्हणते, त्यांना आडवं झालं की गुदमरतं. मी म्हटलं, टीव्ही बंद कर, आपोआप पलंगावर जातील. टीव्ही बंदच होता म्हणे. बायको माझं कुठलंही निदान मान्य करत नाही.

२७ मार्च, दुपारी
हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय.

जेवणानंतर बाबांना श्वास घेता येईना. ओठ निळसर. बायको फोनकडे धावली. मी म्हटलं, हृदयवाल्यांना थेट करू नकोस, आमचे संबंध ताणलेले आहेत, डीनसाहेबांमार्फत जाऊ. ती म्हणाली, तुम्ही बाजूला व्हा. पंचवीस वर्षांत या आवाजात बोलली नव्हती. तिने सिस्टरला फोन लावला. नंबर तिच्याकडे होता! गाडी आली, बाबांना नेलं. गाडीत एकाच नातेवाइकाला जागा. ती चढली. मी मागून रिक्षाने.

२७ मार्च, संध्याकाळी
बाबांना ऑक्सिजन लावलाय. धोका टळला म्हणतात. फुप्फुसात पाणी झालं होतं. हृदयवाले म्हणाले, वजन वाढलं, पाय सुजले, तेव्हाच आणायला हवं होतं. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का, असंही विचारलं. बायको जमिनीकडे बघत होती. मीही बघितलं.

तेवढ्यात आकडेबाई आल्या, हातात जेवणाचा डबा, आणि हृदयवाल्यांसमोर ठेवला. म्हणजे एकत्र जेवतात. मी रजेवर गेलो त्या दिवसापासून रोज भेटतात म्हणे. वारलेल्यांची ती फाईल हृदयवाल्यांनी थेट बाईंना दिली, कॉम्प्युटरचं काम मार्गी लागलं. आकडेबाईंनी सांगितलं की जुन्या नोंदींवर चालवून पाहिलं तेव्हा बाबांचं नाव अगदी वर आलं होतं. सिस्टर फोन करायला गेली तर त्यांना अभ्यासातून वगळलेलं. कोणी वगळलं, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, डेटाच्या गुणवत्तेचा प्रश्न दिसतो.

बाईंनी डबा उघडून हृदयवाल्यांपुढे सरकवला. ही त्यांची लढण्याची रीत. बायको मात्र उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

२ एप्रिल
डीनसाहेबांचा फोन. समन्वयकाचं पद तूर्त भरायचं नाही असं ठरलंय. काम सुरळीत चाललंय, म्हणाले. माझ्या पायाभरणीचंच हे यश. पण शब्दाने म्हणतील तर शपथ.

तक्रार पाठवली नाही. टंकलेखनाच्या चुका होत्या.

५ एप्रिल
बाबा घरी आले. बरेच उतरलेत. मी ठरवून खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. मी विचारलं, जेवलात का. ते म्हणाले, हो. तू? म्हटलं, हो. मग ते भिंतीकडे वळून झोपले.

८ एप्रिल, सकाळी १०
फोन वाजला, मी उचलला. सिस्टर होती. बाबांची चौकशी. मी म्हटलं, बाबा आंघोळीला गेलेत, पण मी मुलगा आहे, शिवाय मी या प्रकल्पाचा माजी समन्वयक आहे, मला विचारा. मीठ कमी केलंय का, तिने विचारलं. म्हटलं, असावं. लघवीची गोळी सकाळी घेतात की दुपारी? बघून सांगतो म्हटलं. दिवसभरात पाणी किती पितात? रात्री किती वेळा उठतात? मन कसं आहे त्यांचं, काही बोलतात का?

म्हटलं, जेवलो म्हणतात.

तिने अगदी नम्रपणे विचारलं, घरात दुसरं कोणी आहे का.

मी बायकोला हाक मारली.