बोका बघत बसतो

प्रिय बारक्या,

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, आणि तरी मी कागद-पेन घेऊन बसले आहे म्हणजे ताईचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. फोनवर तुझ्यामागे बेकरीचा गोंधळ, माझ्यामागे मशीनची खडखड, आणि मधे तुझे विनोद. सांगायचं ते राहूनच जातं. तेव्हा घरी जाऊन, हातपाय धुऊन, बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

आधी बोक्याचं सांगते. तो आजारी आहे हे तुला माहीत आहे, पण किती ते मी नीट सांगितलं नव्हतं. कुत्र्याचं नाव बोका ठेवण्याची अक्कल तुझी, आणि ती आम्हाला अजून भोवते. दवाखान्यात कंपाउंडर "बोका कोणाचा?" असं ओरडला की मांजरवाले सगळे उठून उभे राहतात आणि मग हा लठ्ठ, पांढऱ्या मिशांचा म्हातारा डुलत डुलत आत जातो. तर झालं असं, की थंडी संपताना तो जिन्यात थांबायला लागला. मग संध्याकाळी खोकायला लागला. काहीतरी अडकलंय म्हणून मी घशात बोट घालून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि त्याचं हृदय मला दाखवलं. मोठं झालंय म्हणाल्या. मला आपलं मोठं म्हणजे चांगलंच वाटलं. तर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिवणकाम करता ना? इलॅस्टिक वापरून वापरून सैल पडतं ना, तसं झालंय. ओढ उरली नाही." रक्त पुढे ढकललं जात नाही, म्हणून पाणी मागे फुफ्फुसात साठतं. बरं होणार नाही, पण नीट सांभाळलं तर बऱ्यापैकी दिवस काढेल.

मग आमचा संसार सुरू झाला. पाणी उतरवायची गोळी, हृदयाला जोर देणारी गोळी, आणखी एक अर्धी. पावाच्या तुकड्यात घालून दिली तर पाव गिळतो आणि गोळी कपाटामागे नेऊन थुंकतो. एकदा झाडताना अख्खी रास निघाली. पाण्याच्या गोळीने त्याला सारखं खाली न्यावं लागतं, आणि तीन मजले उतरेपर्यंत त्याला दम निघत नाही, म्हणून पडद्यांच्या अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या घड्या मी घरभर पसरल्या आहेत. खाण्यात मीठ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपेतला श्वास मोजायचा. मिनिटाला तिसाच्या वर गेला की फोन करायचा, असं मला बजावून सांगितलंय. त्यामुळे दुपारी काम बाजूला ठेवून मी त्याच्या पोटाकडे बघत बसायचे. बघता बघता माझाही डोळा लागायचा. त्याची सोबत म्हणून मी खुर्चीतच झोपायला लागले. पलंगावर तसंही हल्ली बरं वाटत नव्हतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी त्याच्याकडे बघते त्यापेक्षा तोच माझ्याकडे जास्त बघतोय.

तुला त्याची सवय आठवत असेल, आपल्याला पाठ टेकवायची आणि तोंड भिंतीकडे करून घोरायचं. ते बंद झालं. तो समोर बसायचा, शेपूट अजिबात न हलवता. बरं, चेहऱ्याकडे बघत असता तर खायला हवंय, फिरायला हवंय असं म्हटलं असतं. तो बघायचा गळ्याच्या खाली. मी कापड कापत असले तरी तिथेच, कपडे वाळत घालताना हात वर केले तरी तिथेच. मी उठून स्वयंपाकघरात गेले की मागून नखांचा टकटक आवाज यायचा, आणि वळून बघावं तर दारात बसून पुन्हा तेच. एकदा मी वाकून त्याचं डोकं छातीशी धरलं, तर तो गुरगुरला. इतक्या वर्षांत माझ्यावर तो कधी गुरगुरलेला नाही. अनोळखी माणूस दाराशी आला की करतो ना, तसा आतल्या आत, दात न दाखवता. मी त्याला सोडलं आणि मागे वळून पाहिलं. मागे कोणीही नव्हतं.

आणि मग ते खोकणं. तुला हे कसं सांगू कळत नाही. एका दुपारी मी खुर्चीत पेंगत होते आणि मला बाबा खोकताना ऐकू आले. हसू नकोस. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचा खोकला तुझ्या कानात अजून असणार. आधी एक लांब, मग दोन छोटे, आणि शेवटी काम संपवल्यासारखं "हं". वखारीतून आले की अंगणात उभे राहून असेच खोकायचे आणि आई म्हणायची, दमा आहे, भुसा बसलाय छातीत, दुसरं काय. सगळे तेच म्हणायचे. तर तोच खोकला, तसाच्या तसा, खोलीत. मी दचकून जागी झाले. मशीन बंद, खिडकी लावलेली. बोका माझ्यापुढे बसलेला, तोंड मिटून, कान ताठ. खोकला त्याचा नव्हता. त्याचा खोकला म्हणजे बदकासारखा, ऐकूनच कळतो.

स्वप्न पडलं म्हणून मी सोडून दिलं. पण तो पुन्हा आला. कधी दुपारी, कधी तिन्हीसांजेला डुलकी लागली की. दरवेळी मी जागी व्हायचे आणि तो नुकताच थांबलेला असायचा, माणूस खोलीतून बाहेर पडल्यावर दार हलत राहतं ना, तसं काहीतरी हवेत राहिलेलं असायचं. त्या दिवसांत माझ्याकडे एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचं काम होतं. झोळ नीट पडतो का बघायला मी ते दांडीला टांगून ठेवते. खोलीभर जमिनीपर्यंत लोंबणारे जाड पडदे, आणि त्यातल्या एखाद्याची कड उगाच हलायची. मी चक्क कात्री हातात घेऊन एकेक पडदा बाजूला करून पाहिला. म्हटलं बाई, या वयात हे काय चाललंय तुझं?

जिन्यातही तो विचित्र वागायला लागला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आडवा बसायचा, पायरी अडवून. मला वाटायचं दमला. मीही कठड्याला धरून उभी राहायचे, त्याच्यासाठी थांबायचे. पण एक दिवस नीट पाहिलं, तर त्याची जीभ गुलाबी होती, श्वास शांत चालला होता. तो दमलेला नव्हता. मी एक पाऊल वर टाकलं तर त्याने माझ्या साडीची कड तोंडात धरली आणि सोडेचना.

नंतर त्याच्या पोटात पाणी भरलं. ते काढायला डॉक्टरीणबाईंनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं. मी दुपारी एकटीच घरी आले, रिकाम्या घरात करमेना, खुर्चीत पडून राहिले. सकाळी त्याला आणायला निघाले तर खालच्या मजल्यावरचे रिटायर पोस्टमास्तर दारातच भेटले. साधा माणूस, रंगवून बोलायची सवय नाही. म्हणाले, "काल दुपारी बोक्याचं काही खरं नव्हतं हो. खोकून खोकून जीव जायची पाळी. मी वर येणारच होतो. पण मधे कोणीतरी 'हं' असं म्हणाल्याचं ऐकलं, म्हटलं पाहुणे आलेले दिसतात, मग नाही आलो."

बारक्या, माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी त्यांना सांगितलं नाही, की काल दुपारी बोका घरातच नव्हता.

घरी परत जायची मला भीती वाटली, स्वतःच्या घराची. बोक्याला घेऊन आले तेव्हा वाटलं, हा आत जाणार नाही. पण तो सरळ आत गेला, अंथरुणावर बसला आणि बघायला लागला. मी देवापुढे दिवा लावला, बाबांच्या फोटोपुढे हात जोडून विचारलं, काही राहून गेलंय का तुमचं, काही सांगायचंय का? मग स्वतःचंच हसू आलं, आणि हसताना इतकी धाप लागली की भिंतीला टेकून बसावं लागलं. दिवसभराच्या धावपळीने दमले असं मनाशी म्हटलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी त्याच्या झोपेतल्या श्वासाचा व्हिडिओ आणायला सांगितला. मी दुपारी मोबाइल स्टुलावर डब्याला टेकवून ठेवला आणि शेजारीच खुर्चीत पडले. स्वतः तो पाहिलाही नाही, तसाच घेऊन गेले. त्यांनी टेबलावर ठेवून लावला. पडद्यावर बोका गाढ झोपलेला, पोट सावकाश वर-खाली होतंय. त्या खूश झाल्या. गोळ्या लागू पडल्यात म्हणाल्या. आणि तेवढ्यात तो आला. एक लांब, दोन छोटे. पडद्यावर बोक्याने डोकं उचललं. तोंड मिटलेलंच. पुन्हा खोकला, आणि त्याच्यामागे एक आवाज, पाण्यात नळी बुडवून फुंकल्यासारखा. बोका उठला, चालत चित्राबाहेर गेला, आणि मग त्याचं बारीक कुईकुई. शेवटी अगदी स्पष्ट "हं".

डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ थांबवला. "घरात आणखी कोण असतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "आम्ही दोघंच."

त्यांनी खाली पाहिलं. बोका फरशीवर बसून नेहमीसारखा माझ्या छातीकडे बघत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे. माझ्या चपलांचे पट्टे उघडेच होते, हल्ली लागतच नव्हते. त्या उठून आल्या, खाली बसल्या आणि माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला, तुझ्या मळलेल्या पिठात राहतो तसा. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, किती दिवस खुर्चीत झोपताय?" मी त्यांना खुर्चीचं कधीच सांगितलं नव्हतं.

ती मीच होते, बारक्या. झोपेत खोकणारी मी, पोस्टमास्तरांनी ऐकलेली मी, आणि ते "हं" सुद्धा माझंच. माणसाला आपला झोपेतला आवाज कुठे माहीत असतो? बाबा घरात कुठेच नव्हते, माझ्या छातीत होते. आणि बोका ते इतके दिवस बघत होता, ऐकत होता. मी मात्र त्याचे श्वास मोजत बसले होते. डॉक्टरीणबाईंनी बोक्याला स्वतःकडे ठेवून घेतलं आणि कंपाउंडरला सोबत देऊन मला तशीच मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

आठवडाभर होते तिथे. तुला त्या रविवारी मी मैत्रिणीकडे आले आहे म्हणून सांगितलं, ते दवाखान्यातून. छातीवर गार जेल लावून तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. मोठं, सैल, आळसावलेलं. मी म्हटलं, हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. डॉक्टरांना काय कळणार! पाणी उतरलं, पायांची सूज उतरली, आता पुष्कळ बरी आहे. मला जी पाण्याची गोळी दिलीय ती तीच, बोक्याची. सकाळी आम्ही दोघं बरोबर घेतो. मी कपाटामागे थुंकत नाही एवढाच फरक. काल पहिल्यांदा तो मला पाठ टेकवून झोपला.

आता खरं काम. डॉक्टरांनी बाबांबद्दल विचारलं. मी दम्याचं सांगितलं, वखारीचं, भुशाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. हे दुखणं घराण्यातून येतं, म्हणाले, दमा नसावाच तो. आणि मग विचारलं, भावंडं किती? मी म्हटलं, एक भाऊ. आणि तुझे गेल्या महिन्यातले सगळे फोन एकदम आठवले. दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही म्हणालास. पोती उचलताना मधे बसावं लागतं, पिठामुळे होतं म्हणालास. बूट एक नंबर मोठे घेतले, पोरं हसली म्हणालास, आणि मीही हसले. बाबा गेले तेव्हा आत्ताच्या तुझ्याएवढेच होते रे. फोनवर सांगितलं असतं तर तू चेष्टेवारी नेलं असतंस, आणि मला एका दमात इतकं बोलवतही नाही, म्हणून हे पत्र. वहिनीलाही वाचायला दे. उद्या कामावर जाऊ नकोस. तिला बरोबर घे, हृदयाच्या डॉक्टरांकडे जा आणि आत गेल्याबरोबर सांग, आमच्या बाबांना दमा नव्हता.

तुझ्या फोनची वाट बघणारी,
तुझीच
ताई