वर्ध्याच्या काचेवरचा पाऊस

२५ मे, रविवार
हैदराबादच्या ॲनिमेशन स्टुडिओची टेस्ट आली. पाच सेकंदांचा शॉट, काचेवर पाऊस. शनिवारपर्यंत द्यायचा. जमला तर नोकरी. नाही तर सोमवारपासून दवाखान्यात पेशंटची नावं टाइप करायची. ती जागा सासऱ्यांनी, भैयाजींनी, धरून ठेवली आहे. पण तो प्रश्नच येत नाही. उद्या पहाटे सुरुवात.

२६ मे, सकाळी साडेदहा
उठलो. सॉफ्टवेअरमध्ये थेंब टाकले. साबुदाणा दिसतो. दोष माझा नाही, रेफरन्स नाही. खरी काच पाहिजे. घरात खिडकी एक, तिच्यात कूलर. ओढून काढला, काच लावली.

दुपारी
पौर्णिमा म्हणाली, शेचाळीस डिग्रीत कूलर काऊन काढला, मले का मारता का? तिला रियलिझम समजावला. ती नाचणगावला माहेरी गेली. मला एकांत मिळावा म्हणून. बायको समजूतदार आहे.

२८ मे
मगाने काचेवर पाणी मारलं. थेंब निघतो, अर्ध्यात येतो आणि वाळतो. काच नुसती तवा. वा! असं निरीक्षण हैदराबादेत कोणाचं असणार? शॉटमध्ये हेच घ्यायचं.

२९ मे
रेंडर चालू, कॉम्प्युटर एकेक चित्र जोडून शॉट तयार करतोय. लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर किंवा पंखा, दोन्ही नाही. पंखा बंद. भैयाजी येऊन म्हणाले, जवाईबापू, शिजून राह्यले ना तुम्ही, बाहेर या. म्हटलं, रेंडर सोडता येत नाही. जायची फार इच्छा होती. जीव गुदमरतो.

३१ मे
शॉट पाठवला. भैयाजींना फोन केला, दुसरा माणूस बघा. ते म्हणाले, सोमवारी नऊला येजा. ऐकायला कमी येत असावं.

१ जून
स्टुडिओचं उत्तर. थेंब मध्येच गायब होतात, असा पाऊस कुठे पडतो? कळवलं, वर्ध्याला या. ऑल द बेस्ट म्हणाले. अडाणी लोक. पौर्णिमाला फोन केला. म्हणाली, पहिले कामावर जा, मंग येतो मी.

२ जून, सोमवार
नोंदणी काउंटर. तात्पुरता. समोर काच, बोलायला खाली भोक. एक काका काचेवरच जोरात शिंकले. एसीने काच गार. एक जाड थेंब हलला, अडला, शेजारच्याला गिळून वाकडातिकडा पार खालपर्यंत आला. मागे ओली रेघ. अप्रतिम. मोबाइल काढला तर काका म्हणाले, भाऊ, नाव लिहून राह्यले का फोटो काढून राह्यले? नाव लिहिलं. तेवढ्यात सफाईवाल्या मावशींनी फडकं मारलं.

काच एकदम स्वच्छ. आत मी. सुट्टी सहाला.