सही न केलेला कागद

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर मिळतं, खोलीला खिडकी आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आपला उपग्रह या देशाच्या रॉकेटवरून सुटणार होता, पण दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि यांनी दुसऱ्याच देशाचा उपग्रह पुढे घेतला. आमची माणसं परतली. उपग्रहाजवळ आपलं कुणीतरी हवं, म्हणून मी एकटी थांबले. पंधरा दिवसांचं म्हणाले होते. आता तिसरा महिना चाललाय. व्हिसाची मुदत वाढवून आणतो म्हणून यांनी पासपोर्ट घेतला तो घेतलाच. खोली ते उपग्रहाची शेड, शेड ते खोली, आणि मागे पहारेकरी.

काल इथल्या साहेबांनी कागद पुढे केला. "उपग्रह आमच्या ताब्यात दिला, एवढं लिहून द्या. उद्याच विमानात बसा."

बाबा, खोटं कशाला बोलू, पेन हातात घेतलं होतं. माझ्याबरोबर उपग्रहाचा एकेक बोल्ट आवळणारा इथला म्हातारा फिटर शेजारीच होता. साहेब फोन घ्यायला वळले तसा तो पुटपुटला, "पोरी, सही केलीस की दुपारपर्यंत उपग्रह उघडून आतल्या सगळ्याची नक्कल उतरवून घेतील."

मी पेन खाली ठेवलं.

आज फिटर कामावर आला नाही. विचारलं तर जो तो दुसरंच काही बोलतो.

हे पत्र जेवणघरातल्या बाई बाहेर पेटीत टाकतील. आईला एवढंच सांगा, की काम जरा लांबलंय. आणि धाकटीच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी अडवून ठेवू नका.

तुम्हा दोघांच्या पाया पडते.

तुमची,
थोरली